म्विलाची आई गेली

“दे तो फोन इकडे.”

“नको बघूस, आई.”

“मेले नाही अजून. दे म्हणते ना!”

मेलीच होती पण. ‘आमची चूल’ या ग्रुपवर तरी मेली होती. दुपारी सामपाच्या आईनं एवढंच लिहिलं होतं, ‘बायांनो, म्विलाची आई आपल्याला सोडून गेली.’ त्याखाली मेणबत्त्याच मेणबत्त्या. न्डोलाच्या इस्पितळात ती पोट फुगून पडलीय, हे साऱ्या चुलीला ठाऊक होतं, त्यामुळे कुणी काही विचारलंसुद्धा नाही. आणि विचारणार तरी काय? तिथं कुणालाच स्वतःचं नाव नव्हतं. आपल्याकडे असतं कुठं! पहिलं पोर झालं की बाई त्याची आई, ती मरेपर्यंत.

म्विला रागानं लाल झाली होती. खाटेच्या कडेला बसून तिनं खटाखटा लिहिलं, ‘माझी आई जिवंत आहे. माझ्या शेजारी आहे. लाजा वाटू द्या.’ पाठवलं आणि मग फोन आईच्या हातात ठेवला.

आईला मात्र मजा वाटत होती. ती एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागली.

“‘रताळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवावा तर तिनंच.’ ऐकलंस? हीच बया म्हणाली होती, तुमचा कूट कडू लागतो. आणि ही बघ, ‘माझं बाळ गेलं तेव्हा तीच माझ्याशी बोलली.’ मला आठवतही नाही गं. बोलले असेन बाई!”

“आई, पुरे.”

“पुरे काय? मेल्यावर कोण वाचतं? वाचू दे की.”

ती हसली, मग तिला धाप लागली. म्विलानं पाठ चोळली, पाणी पाजलं. धाप ओसरताच आई पुन्हा बोटानं फोन वरखाली करायला लागली, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला.

“सवतीनं काहीच लिहिलं नाही गं.”

सवत म्हणजे दूरच्या मान्सा गावची बाई. तिच्याही थोरल्याचं नाव म्विला, पण तो मुलगा. ग्रुपमध्ये आल्या दिवशीच तिनं खिदळत आवाज पाठवला होता, “एका म्विलाच्या दोन आया? मग आपण सवतीच की गं!” दोघी कधी भेटल्या नव्हत्या. पण आई इस्पितळात आल्यापासून रोज सकाळी, डॉक्टर यायच्या आधी, तिचा आवाज यायचा, “सवते, आज काय गिळलंस? मक्याची न्शिमा गेली का दोन घास? खोटं बोललीस तर मान्साहून येऊन कान पिळीन.” नातलगांच्या फेऱ्या कधीच थांबल्या होत्या. ती बाई थांबली नव्हती. तो आवाज ऐकल्याशिवाय आई गोळीही घेत नसे.

“सगळ्या रडल्या, आणि तीच तेवढी गप्प,” आई म्हणाली. “इतकं जीव लावल्यासारखं बोलायची. शेवटी सवत ती सवतच.”

म्विला आईकडे वळली.

“आज सकाळी तिचा आवाज आला होता?”

“नाही. फोनमधलं नेटचं बंडल संपलं असेल तिचं.”

म्विलानं फोन काढून घेतला आणि सामपाच्या आईला लावला. बराच वेळ वाजत राहिला. उचलला तेव्हा पलीकडे बायकांचा आक्रोश चालला होता, जमिनीवर बसून बायका रडतात तसा.

“मावशी, तुम्ही कुठं आहात?”

“मान्सालाच की गं. शेजारीच तर घर आमचं. पहाटे उठली, चूल पेटवली आणि तिथंच बसल्या बसल्या गेली. पोरगा नुसता डोकं आपटतोय. तू कोण बोलतेस?”

“कोण गेलं, मावशी?”

“म्विलाची आई गं! आमची म्विलाची आई. लिहिलं ना मी?”

आवाज मोठा होता. म्विलानं फोन कानाशी घट्ट दाबला, पण त्याचा उपयोग झाला नाही. आईनं सगळं ऐकलं होतं.

ती दोन्ही हात फुगलेल्या पोटावर ठेवून छताकडे बघत पडली. म्हणाली, “आणि मी तिला नावं ठेवत होते. माझ्या तोंडाला काय रोग आलाय?” मग रडली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

फोन तेवढ्यात टिंग टिंग करायला लागला. चुलीवर नुसता जल्लोष उसळला होता. ‘देवा, तुझे उपकार!’ ‘जिवंत आहे, बायांनो, जिवंत आहे!’ ‘असलं अभद्र लिहिणाऱ्या सामपाच्या आईला आधी ग्रुपमधून काढा!’ नाचणाऱ्या बाया, टाळ्या, फुगे.

आणि वर, दुपारच्या ओळी एकेक करून नाहीशा होत होत्या. जिवंत बाईच्या नावानं लावलेली मेणबत्ती कोण ठेवील? ‘हा मेसेज डिलीट केला आहे.’ ‘हा मेसेज डिलीट केला आहे.’ रताळ्याचा पाला गेला. मेलेलं बाळ गेलं.

“काढू नका म्हणावं!” आई कोपरावर उठायला लागली. “म्विला, लिही गं, लवकर लिही. मान्साची गेली, ती गेली म्हणावं. माझं सगळं तिला राहू द्या. काही काढू नका म्हणावं!”

घाईत म्विलाला एक शब्द दोनदा खोडून लिहावा लागला. पाठवलं तोवर वर एकच मेणबत्ती उरली होती.

जिनं लावली, तिचं बंडल संपलं असावं.