फाटकाबद्दल दोन शब्द

सून तोंडातल्या तोंडात बोलायची, हा थोरल्या बाईंचा तिच्यावरचा सगळ्यात जुना राग. मीठ मागायचं तरी चोरी केल्यासारखं मागणार. आणि आता तिलाच भर सभेत उभं राहून साक्ष द्यायची होती.

नदीकडच्या फाटकाला कुलूप लागल्यापासून खालच्या गल्लीतल्या सतरंज्या धुणाऱ्या बायका हात बांधून बसल्या होत्या. नदी समोर दिसत होती, पण पाण्यापर्यंत पोचायला दुसरी वाट नव्हती. शेवटी नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी जाहीर सुनावणी ठेवली. फाटक उघडायचं की बंद ठेवायचं, त्याचा निकाल तिथेच लागायचा होता.

"तूच बोलायचंस," थोरल्या बाईंनी सुनेला बजावलं. "तू खालच्या गल्लीची लेक. तुझी आई त्याच पाण्यात सतरंज्या आपटून म्हातारी झाली. तुझ्या तोंडून आलं की कुणाला खोटं वाटणार नाही."

घरच्या रंगाच्या कारखान्यात, उकळत्या हंड्यांसमोर तालीम सुरू झाली. सून लांब काठीने निळ्या रंगातलं कापड ढवळायची. थोरल्या बाई स्टुलावर बसून, कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्याशी चाळा करत तिच्या चुका काढायच्या. शाळेत त्या अक्षरओळखीपुरत्याच गेल्या होत्या, पण भांडणात आजवर कुणाला हार गेल्या नव्हत्या.

कागद धरायचा नाही. हात थरथरला की कागद चुगली करतो. आधी आपण कोण ते सांगायचं, मग काय हवं ते एका वाक्यात, मग कारण. कारण एकच द्यायचं, पण हाताला लागेल असं. कायद्याच्या गप्पा वकिलांना मारू द्यायच्या. रडायचं तर मुळीच नाही. रडणाऱ्या बाईला लोक पाणी आणून देतात आणि पुढच्याला बोलावतात. आणि ज्याला लागायला हवं, त्याच्या डोळ्यांत बघायचं.

आपण कोण, कुठली, ते सून नीट सांगायची. काय हवं, त्या वाक्याशी आली की दातखीळ बसायची.

"फाटक..."

"पुढे? की उरलेलं माहेरी ठेवून आलीस?"

सून मान खाली घालून हंडा ढवळत राही. थोरल्या बाई कपाळावर हात मारून घेत. मुलगा एकदा मध्ये पडला, आई, तूच बोल ना, म्हणाला. माझं बोलणं तिथे कुणाला गोड लागणार आहे, असं विचारून त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चहा अर्धाच ठेवून निघून गेला.

सुनावणीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. थोरल्या बाई आत शिरताच खालच्या गल्लीतल्या बायकांची कुजबुज थांबली. सुनेच्या आईने तर उठून पहिल्या रांगेतली आपली खुर्ची मोकळी केली आणि ती मागे जाऊन बसली. थोरल्या बाई ऐसपैस टेकल्या. आपला दरारा त्यांना नवा नव्हता.

सुनेला पुकारलं गेलं. तिच्या हातात कागद नव्हता. बोटं अजून निळी होती.

"मी खालच्या गल्लीची लेक आणि रंगाच्या कारखान्याची सून," ती म्हणाली, आणि आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला. "फाटक उघडं हवं."

थोरल्या बाईंच्या हातातलं जुडगं वाजायचं थांबलं.

"सतरंज्यांच्या हातगाड्या जाताना वाळतं कापड मळतं म्हणे, म्हणून कुलूप लागलं. मळलं तर आमच्याकडे द्या. मळलेलं धुणं हाच आमचा धंदा आहे."

मागे हशा पिकला. ती हसली नाही, रडलीही नाही. अधिकाऱ्याने विचारलं, त्या कुलपाची किल्ली असते कुणाकडे?

सून नुसती पहिल्या रांगेकडे वळली आणि डोळ्यांत डोळे घालून बघत राहिली. एकेक करून सगळ्या माना तिकडे वळल्या.

थोरल्या बाई उठून उभ्या राहिल्या.

"'आमच्या फाटकाला कुलूप राहू दे', एवढं एक वाक्य बोलायला शिकवलं होतं तुला," त्या भर सभेत सुनेला म्हणाल्या. "नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं शिकलीस."