चार बोटं अंतर

वायरमन वडिलांना शेवटची सोबत करायला मुलाने रेकी करणाऱ्या एक बाई नेमल्या होत्या, कारण त्याला दाराच्या आत पाऊल टाकवत नव्हतं. लहानपणापासून बाबांचा एकच उपदेश: "हात लावू नकोस!" तो त्याने नको इतका पाळला. बाई डोळे मिटून बाबांच्या छातीवरून, चार बोटं अंतर राखून, तळहात फिरवत होत्या. "ऊर्जा देतेय," म्हणाल्या. बाबा उशाखालचा टेस्टर चाचपत पुटपुटले, "अधांतरी वीज जात नाही हो बाई. वायर टेकवावी लागते." बाई हसून दारात उभ्या मुलाकडे वळल्या. "या. टेकवा." मुलाने शॉक बसेल अशा भीतीने तळहात छातीवर ठेवला. बाबांनी टेस्टर त्याच्या मनगटाला लावला. टेस्टरमधला दिवा अर्थातच लागला नाही. "आली बघ," बाबा म्हणाले. तळहाताखालचा श्वास थांबला. बऱ्याच वेळाने मुलाने विचारलं, "काढू हात?" "थांबा," बाई म्हणाल्या, "अजून ऊब आहे."