हयातीचा दाखला

“अंगठा ठेवा, मावशी. तुम्ही जिवंत आहात हे यंत्राला कळलं की झालं,” बँकेतला कारकून म्हणाला.

सोजरबाईंनी हात पदराआड घेतला. नवऱ्याच्या माघारी मिळणारी पेन्शन यंदा थोडी वाढली आणि तिथंच घात झाला. “उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं, आता पिवळं रेशनकार्ड रद्द होणार,” सकाळीच तलाठ्याने बजावलं होतं. त्याच कार्डावर लेकाचं डायलिसिस फुकट होत होतं.

मागची रांग कुरकुरू लागली. “अहो, अंगठा दिला नाहीत तर पेन्शन बंद होईल. कागदावर तुम्ही मेलात!” कारकून वैतागला.

“नक्की बंद होईल ना?”

“होणारच की!”

“मग मेलेच समजा, बाबा,” सोजरबाई रांगेतून बाहेर पडत म्हणाल्या. “उद्या पोराला डायलिसिसला न्यायचंय मला.”