तिसऱ्या ओळीनंतर

केतकीच्या लघुपटासाठी कॅमेऱ्यात आता दोनच मिनिटांची फिल्म उरली होती. सेकंदासेकंदाचा तक्ता हातात धरून तिने खूण केली. मावशी आपली घागरीवरची कविता म्हणू लागली. शेजारी वरातीत क्लॅरिनेट वाजवणारे रंगराव होते; कविता संपली की त्यांनी वाजवायचं होतं.

तिसऱ्या ओळीनंतर मावशी अडखळली. केतकीची नजर तक्त्यावर गेली. रंगरावांना मात्र वाटलं, आपली पाळी आली. त्यांनी प्रश्न विचारावा तशी सुरावट वाजवली.

मावशीने चमकून पाहिलं. मग म्हणाली, “घागर फुटली, तरी हाताला तिचा बाक राहिला.” ही ओळ कागदावर नव्हतीच. रंगरावांनी सुरांतच दाद दिली. मावशीला पुढची सुचली.

खटका वाजला. फिल्म संपली.

“चुकलंच गं. पुन्हा घेऊ या?” मावशी ओशाळली.

तक्ता फाडत केतकी हसली, “असं पुन्हा आता तुम्हा दोघांनाही जमायचं नाही!”