एक मत कमी

"सगळ्यायनं डाव्या हाताचं बोट दाखवा," बंडूजी ओसरीवर उभा राहून म्हणाला. "ज्याच्या नखावर शाई नाई, त्यानं आजच या घरातून निंघावं."

आर्वीहून मतमोजणी आटोपून तो आत्ताच आला होता. त्याची बायको शालूबाई ग्रामपंचायतीला उभी होती. दोन्ही उमेदवारांना सारखीच मतं, दोनशे बारा. मग चिठ्ठी काढली आणि ती नेमकी दुसरीच्या नावाची निघाली. त्यात बूथवर बसलेल्या त्याच्या माणसानं सांगितलं, "तुमच्या घरचे पाचापैकी चारच आले." नाव काही त्यानं टिपलं नव्हतं.

बंडूजीचं डोकं तापलं. काल दिवसभर त्यानं जिवाचं रान केलं होतं. सकाळी साडेसातपासून ऑटोनं माणसं आणली, म्हातारे उचलून आणले. तळेगावला राहायला गेलेला तानबा तर मतदान संपायला पाच मिनिटं असताना बूथच्या दारात नेऊन सोडला. पोटात अन्नाचा कण नाही. आणि घरच्यांनी असा दगा द्यावा?

मायनं, मनकर्णाबाईनं, आधी बोट पुढं केलं. "पत्र्याच्या डब्यात शिक्का मारून कागद टाकाचे, तवापासून एक निवडनूक नाई सोडली म्या. आता मशीन पीं करते, तरी गेलीच."

शालूबाईच्या नखावर शाई होती. धाकट्या भावाच्या, श्रावणच्याही होती. श्रावणच्या बायकोनं, वर्षालीनं, हात पदराखाली घेतला. बोटाला चिंधी होती.

"चुलीसाठी तुराट्या तोडता तोडता लागलं, भाऊजी. मतदान करून आल्यावर."

"बरोबर त्याच बोटाले लागलं?"

"दादा, तिच्यावर काऊन संशय घेऊन राह्यले?" श्रावण म्हणाला.

"चिंधी सोड."

वर्षालीनं दात आवळून चिंधी ओढली. जखम पुन्हा वाहू लागली. तिनं रक्त पदरानं पुसलं. नखावर शाईची जाड रेघ होती.

बंडूजीनं मान फिरवली. माफी मागणं त्याच्या रक्तातच नव्हतं. श्रावण आत गेला, कपड्यांची पिशवी भरून बाहेर आला.

"आमी जातो, दादा. या घरचं पानीबी नोको आता."

मनकर्णाबाई रडत फाटकापर्यंत मागे गेली. दोघं थांबले नाहीत.

"जाऊ दे त्यायले," बंडूजी म्हणाला. "पन मंग मत टाकलं नाई कोनं?"

शालूबाईनं नवऱ्याचा डावा हात धरला आणि उजेडात आणला.

नख कोरं होतं.