लग्नाचा चुडा

चुडा भरायला आलेल्या कासारणीला पाहताच वैजयंतानं ओळखलं. ती तिची आई होती. आणि आईवडील कधीच वारले, असं वैजयंतानं कारखानदारांच्या या घरात सांगितलं होतं. उद्या ती इथली सून होणार होती.

आईनं तिचा हात हातात घेतला. लहानपणी घ्यायची तसाच, अंगठा अलगद दुमडून. पहिली हिरवी बांगडी मनगटावर सरकली.

“ओळखीच्या आहेत का गं या?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही, आई. पहिल्यांदाच बघतेय.”

आईचा हात क्षणभर थांबला. मग तिनं उरलेल्या बांगड्या भरल्या. रीतीप्रमाणे वैजयंता पाया पडली. “सुखी राहा, बाईसाहेब,” एवढंच म्हणून आई निघून गेली.

सासूबाई जवळ सरकल्या. “तुझ्या आईला मीच शोधून आणलं. अगं, घाबरतेस काय? ओळख दिली असतीस, तर लग्न मोडलं असतं मी; कासारणीची लेक म्हणवणारी सून या घरात चालत नाही. त्यांना म्हटलंही होतं, लेक ओळख देणार नाही.”

वैजयंतानं विचारलं, “मग... ती काय म्हणाली?”

“म्हणाली, माझी लेक ओळख देईल.”