पहिल्या सकाळचा नियम

लॉजच्या खोलीत धाकटा बुटांच्या नाड्या बांधत होता, तेवढ्यात फोन वाजला. इतक्या सकाळी वहिनीचं नाव दिसल्यावर त्याने नाडी अर्धवट सोडून फोन उचलला.

"घाबरू नका भाऊजी, सगळं ठीक आहे," वहिनी आधीच म्हणाली. "म्हणजे तसं ठीक नाहीच. हे कॉटवरून उठायला तयार नाहीत. काल डॉक्टर चांगलेच चिडले. खुब्याचं ऑपरेशन आम्ही केलं, पण चालायचं तुम्हालाच आहे, म्हणाले. आता चालला नाहीत तर पाय कायमचा आखडेल. मी तर बोलून बोलून थकले."

"आज काय म्हणतोय?"

"एक तारखेपासून सुरू करतो म्हणतात."

"मागच्या एक तारखेला काय म्हणाला होता?"

"सोमवारपासून. सोमवारी म्हणाले, वाढदिवसापासून. वाढदिवस परवाच झाला."

धाकट्याला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. पन्नाशी ओलांडली तरी तो या घरात धाकटाच होता, आणि दादाला काही शिकवायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

दोघा भावांचं काम एकच. गाडीत लोखंडी वजनं भरायची आणि गावोगावच्या गिरण्या-गोदामांतले मोठे वजनकाटे तपासत फिरायचं. फिरतीवर तब्येतीचे बारा वाजतात. मिळेल तिथे, मिळेल ते, मिळेल तेव्हा खायचं आणि संध्याकाळी ओंडक्यासारखं पडायचं. त्यावर दादाने तोड काढली होती. नव्या गावातली पहिली सकाळ म्हणजे नवी सुरुवात. कामाआधी पायी फेरी, तळलेलं बंद, लिफ्टकडे बघायचंसुद्धा नाही. मागच्या गावात काय चापलं आणि किती लोळलो, त्याचा विषय काढायचा नाही. "काटा आधी शून्यावर आणायचा, मग तोलायचं," दादा म्हणायचा. नव्याचे नऊ दिवस असतात हे त्यालाही कळत होतं. पण नववा दिवस उजाडायच्या आत त्यांचं गाव बदललेलं असायचं.

काय सुखाच्या सकाळी होत्या त्या! दुकानांची दारं अजून उघडायची असायची. हात मागे बांधून दादा पुढे, धाकटा मागे. दादा दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायचा, अनोळखी माणसालाही "काय, कसं काय?" विचारायचा, आणि हमखास रस्ता चुकवून वर "मुद्दाम आलो इकडे" म्हणायचा. आता धाकटा एकटाच फिरायचा. नियम तोच होता, पण पाट्या वाचणारं कुणी नव्हतं.

"काय रे," वहिनीने फोन दिल्यावर दादाचा आवाज आला. "कुठे आहेस?"

"नव्या गावात. काल संध्याकाळी पोचलो."

"मग खोलीत काय अंडी उबवतोयस? ऊन चढेल."

"आणि तू काय करतोयस?"

"मी काय करणार? मला ना गाव, ना काटा. रोज हीच कॉट, हीच भिंत. सोमवार आला तरी भिंत रविवारचीच असते रे. कॅलेंडरचं पान उलटून काय नवं होतं?"

धाकट्याने डॉक्टरांचं, वहिनीच्या काळजीचं बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. ते सगळं त्याने गिळलं.

"फोन ठेवू नकोस दादा. मी खाली उतरतोय."

"लिफ्टने?"

"जिन्याने."

"हं. काय आहे बाहेर?"

"न्हाव्याचं दुकान. गिऱ्हाईक नाही म्हणून न्हावी स्वतःचीच दाढी करतोय."

दादा खुदकन हसला. "पुढे?"

"बेकरी. वास सुटलाय."

"तिकडे बघू नकोस. पहिली सकाळ आहे."

"शिंप्याचं दुकान. पाटी आहे, तातडीची कामं घेतली जाणार नाहीत."

"शहाणा माणूस. पुढे?"

शाळेची लांबलचक भिंत आली. मग सायकली दुरुस्त करणारी बाई आली, तिच्या शेजारी झोपलेलं कुत्रं आलं. धाकटा एकेक सांगत गेला. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं, की दादाच्या आवाजामागे काहीतरी घासतंय. एक पाऊल नीट पडत होतं, दुसरं ओढत येत होतं. दादा घरातल्या घरात चालत होता. धाकट्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता, तर दादा तिथेच खाली बसला असता. आडमुठेपणा घराण्यातच होता.

"पुढे सांग ना," दादाला धाप लागली होती. "थांबलास का?"

"चौक आलाय. डावीकडे वळू की उजवीकडे?"

पलीकडून काहीतरी खडखडलं. मग कडी काढल्याचा आवाज आला.

"दादा?"

"भाऊजी," वहिनी फोनवर आली. "काय सांगितलंत हो त्यांना? फोन माझ्या हातात दिला, काठी घेतली आणि निघालेच. मी येते म्हटलं, तर हातानेच नको म्हणाले."

"गेला कुठे?"

"फाटकाबाहेर. खिडकीतून दिसतायत मला. बाजार, दवाखाना, बँक, आमचं सगळं उजवीकडे. एवढी वर्षं तिकडेच जातोय. आणि हे डावीकडे वळले हो. तिकडे काय आहे, मलासुद्धा माहीत नाही."